पांढऱ्या फुलाची उन्हाळी

रस्त्याच्या कडेला उन्हाळीचं झुडूप दिसलं की माझा हात आपोआप खाली जातो. तिचं एक बारकं पान चिमटीत धरायचं, शेंड्याकडून ओढायचं आणि ते कसं तुटतं ते बघायचं. दुसऱ्या झाडाचं पान वेडंवाकडं फाटेल, उन्हाळीचं मात्र दोन्ही बाजूंनी तिरपं तुटतं आणि हातात बाणाच्या शेपटासारखा तुकडा राहतो. म्हणून वैद्यांच्या पुस्तकांत तिला शरपुंखा म्हटलंय. माझी नातवंडं हसतात. ‘आजोबा, ते दर वेळी तसंच तुटतं, मग दर वेळी काय बघता?’ असं विचारतात. त्यांना काय सांगू? ज्या माणसाकडून ही खोड लागली तोही दर वेळी बघायचा, आणि दर वेळी त्याचा चेहरा खुलायचा.

उस्मान पिंजारी त्यांचं नाव. सगळं तळोदं त्यांना उस्मानचाचा म्हणायचं. दुसरी मोठी लढाई सुरू होण्याआधी चार-पाच वर्षं मी तिथल्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून गेलो. तेव्हा मी पंचविशीत होतो आणि स्वतःला अर्धा डॉक्टर समजत होतो. सातारकडचा माणूस, तिकडच्या अहिराणीचं एक अक्षर कळत नव्हतं. ‘शे’ म्हणजे ‘आहे’ हे समजायलाच आठवडा गेला. डॉक्टर दोन तालुके मिळून एक, ते कधी असत, कधी नसत. बाकीच्या दिवशी दवाखाना म्हणजे मी, कपाटातल्या बाटल्या आणि सातपुड्यातून खाली येणारा ताप.

पहिल्याच थंडीत दवाखान्याच्या गाद्या पिंजायला चाचा आले. उंच, वाळके, दाढी मेंदी लावून तांबडी केलेली. अंगणात पिंजायची धनुकली टांगून त्यांनी काम सुरू केलं आणि तिच्या ताणलेल्या तातेच्या आवाजाने माझं डोकं उठलं. संध्याकाळपर्यंत त्यांच्या भुवयांवर, पापण्यांवर, कानांच्या केसांवर कापूस बसलेला असे, आणि तो झटकायचं त्यांना कधी सुचायचं नाही. तसेच ते नमाजाला जायचे, तसेच बाजारात फिरायचे.

त्या दिवशी डोंगरातून एक पावरा आदिवासी बाई पोराला पाठीशी बांधून आली. पोराचं पोट टम्म. मी त्याला बाकावर निजवतो न निजवतो तोच चाचा हातातली तात छेडायची मोगरी ठेवून आत आले, मला न विचारता पोराच्या बरगड्यांखाली बोटं फिरवू लागले. गादीत कुठे गाठ राहिलीय ते चाचपावं तशी. मग म्हणाले, “चार बोटं.” मी चिडलो. पण मोजून बघितलं तर खरंच चार बोटं. हिवतापाने प्लीहा सुजून बरगडीखाली उतरते, तिला तिकडे पानथरी म्हणतात, आणि ती किती बोटं उतरली यावर आमची पुस्तकंही रोग्याची अवस्था ठरवतात. हे या कापूसवाल्याला कोणी शिकवलं?

“साहेब,” ते म्हणाले, “ताप तुमना, पानथरी मन्ही. वाटी लेऊत.”

आणि खरोखरच आम्ही तशी वाटणी करून घेतली. मी क्विनाइन द्यायचो, ताप उतरायचा. मग रोगी चाचांच्या ओट्यावर जायचा. ते त्याला सावलीत वाळवून कुटलेलं उन्हाळीचं मूळ द्यायचे. ते सकाळी अनशा पोटी ताकातून घ्यायचं, एकवीस दिवस. त्याने पानथरी उतरायची की माझ्या क्विनाइनने ताप थांबल्यामुळे ती आपोआप उतरायची, हा वाद मी मनातल्या मनात रोज घालायचो. मोठ्याने कधी घातला नाही. मला वाटे, रोगी बरा होतोय ना, मग श्रेय कुणाच्या का पदरात पडेना.

त्यांच्याकडे झाडही एकच होतं. त्याला ते सरफोका म्हणायचे. दाढ दुखली तर मुळाचा तुकडा चघळायला, जुना खोकला असेल तर सगळ्या झाडाचा काढा, गळवावर पाला वाटून, आणि पानथरीवर मूळ. एवढंच. एकदा एक गृहस्थ मूल होत नाही म्हणून औषध मागायला आले, तेव्हा चाचा मनापासून हसले होते. “ते माले नही माहीत, भाऊ. मी पिंजारी शे.” जे येत नाही ते येत नाही असं सांगणारा औषधवाला मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि त्यात मी शिकलेले लोकही धरतो.

ते मोबदला घ्यायचे नाहीत. रोगी उठून चालायला लागला की त्याच्या पदरात मूठभर शेंगा टाकायचे. किंचित वर वळलेल्या, चपट्या, बारीक लव असलेल्या. “उजाड माळ देख आन फेकी दे,” एवढंच सांगायचे. लोक प्रामाणिकपणे फेकायचे. मी गेलो तेव्हा नंदुरबारच्या वाटेवरचा माळ नुसता मुरूम होता. चार-पाच वर्षांत तिथे गुडघ्याएवढी उन्हाळी माजली. मुरमाड जमीन, नाल्याची वाळू, पडीक बांध, जिथे दुसरं काही धरत नाही तिथे ती धरते, कारण तिचं मूळ खोल जातं. सगळा माळ करपतो तेव्हा ही एकटी हिरवी असते, म्हणून तर उन्हाळी. आश्विनात तिला फुलं येतात. वाटाण्याच्या फुलाच्या घडणीची, पण नखाएवढी, जांभळट गुलाबी, एका काडीवर ओळीने. एकेकटं फूल बघितलं तर डोळ्यांत भरणार नाही, पण अख्खा माळ फुलला की सायकलवरून जाणारा तलाठीही खाली उतरायचा.

मूळ काढायची त्यांची एक रीत होती. जुम्म्याच्या आदल्या संध्याकाळी ठरवलेल्या झाडाला कापसाचा एक पुंजका बांधायचा, म्हणजे झाडाला उद्या येतो म्हणून सांगायचं. दुसऱ्या दिवशी उजाडताना पान ओढून बघायचं, बिस्मिल्ला म्हणायचं आणि मग खणायचं. पण सगळ्यात कडक नेम वेगळाच होता. झाड फुलात असताना हात लावायचा नाही. शेंगा वाळून, तडकून, बी जमिनीवर पडलं की मगच मूळ आपलं. पौष-माघात ते वर्षभराचं मूळ काढून ठेवायचे आणि ते पुरवून पुरवून वापरायचे.

या नेमावरून मी त्यांना पुष्कळ छेडलं. एका पावसाळ्याच्या अखेरीला गावातल्या एका बड्या शेठचा मुलगा आजारी पडला, चाचांचं मूळ संपलेलं. शेठ स्वतः ओट्यावर येऊन उभे राहिले. माळभर झाडं उभी आहेत, माणसं लावून उपटून आणतो, तू फक्त कुटून दे, म्हणाले. चाचा धनुकलीवरून मानही वर न करता म्हणाले, “फुलमा शे. थांबा.” शेठनी दम दिला, शिव्या घातल्या, शेवटी पाय धरायची तयारी दाखवली. चाचा रडवेले झाले, पण हलले नाहीत. मुलगा माझ्या क्विनाइनवर वाचला, पौषात मूळही प्यायला. तेव्हापासून मी चाचांना म्हणायचो, “तुमच्या झाडाला बाळंतपणाची रजा आहे, आम्हाला मात्र एक दिवसाची मिळत नाही.” ते हसायचे. त्या हसण्यात काहीतरी राखून ठेवलेलं असे.

ते मला एका मार्गशीर्षात कळलं. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या बाजाराला चाचा दर वर्षी जायचे. तिथे खोगिरांत कापूस भरायचं काम मिळायचं. त्या वर्षी मलाही बाजार बघायचा होता म्हणून आम्ही एकाच बैलगाडीने निघालो. तापी जवळ आली तेव्हा काठावर वाळलेल्या उन्हाळीची एक रांग दिसली. चाचा खाली उतरले, एक पान ओढून बघितलं, परत येऊन बसले आणि मी न विचारता बोलायला लागले.

“छप्पनना दुकाय मा मी बारा वरीसना व्हतू. माळवर बठ्ठं जयी गयं, सरफोकाच हिरवा व्हता. ढोरंसले काय घालतीन? मन्हा बापनी आन मी बठ्ठा माळ उपाडा. फुलमा व्हता, साहेब. एक झाड नही ठेवं.”

संवत १९५६च्या त्या दुष्काळात ढोरं जगवायला बापलेकांनी फुलातला सगळा माळ उपटला होता. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला आणि पावसामागून ताप आला. चाचांच्या दोन बहिणी आणि एक भाऊ, तिघांच्याही पोटात पानथरी उतरली. आई मूळ शोधायला निघाली. दोन दिवस फिरली.

“एक झाड नही भेटनं तिले. कोणी उपाडेल व्हतात ते तिले माहीत व्हतं. पण बापले आन माले एक शब्द नही बोलनी. मरेपर्यंत नही बोलनी.”

त्यानंतर मी ती रजेची थट्टा केली नाही. तिघं भावंडं गेली होती, आणि या माणसाने चाळीस वर्षं कापसाबरोबर एकेक उजाड माळ पुन्हा पेरत आणला होता. मी मात्र त्याला खुळचट समजत होतो, याची मला लाज वाटली.

मग लढाई पेटली. जपान्यांनी पूर्वेकडची बेटं घेतली आणि क्विनाइन तिकडूनच यायचं हे मला तेव्हा कळलं, कारण ते यायचं थांबलं. आधी अर्ध्या मात्रा द्यायला सांगितलं, मग फक्त अत्यवस्थ रोग्यांना, मग कपाट रिकामं. त्या वर्षीचा ताप असा की पार काठी गावापासूनच्या डोंगरातली माणसं झोळीत घालून रोगी आणायची आणि मी त्यांना चिरायत्याचं पाणी द्यायचो. वाटणीतला माझा वाटा संपला होता. आता ताप आणि पानथरी दोन्ही चाचांच्या ओट्यावर. माघात काढलेलं वर्षभराचं मूळ त्यांनी भाद्रपदातच वाटून संपवलं. घरात ठेवलं ते फक्त एका माणसापुरतं, आणि तेही ठेवलं असेल ते त्यांच्या बायकोने, झुलेखाच्या आईने, लपवल्यामुळे.

झुलेखा ही त्यांची एकुलती एक मुलगी. वीस-एकवीसची. डोंगराच्या पायथ्याला लाकडाच्या वखारीवर गाडी हाकणाऱ्या मुलाला दिलेली. आश्विनाच्या सुरुवातीला नवऱ्याने तिला गाडीत घालून माहेरी आणून सोडलं. चाचा मला बोलवायला आले. मी घरी गेलो तर ती ओट्यावर गोधडीत बसलेली, पिवळी पडलेली, पण डोळे तल्लख.

चाचांनी तिच्या पोटाला हात लावला नाही. गावातल्या शेकडो पोटांवरून फिरलेली ती बोटं त्यांनी पाठीमागे धरली होती. “तुमी देखा,” म्हणाले. मी बघितलं. सहा बोटं, दगडासारखी टणक. मी चार सांगितली. झुलेखाने माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं.

लपवलेलं मूळ एकवीस दिवस दिलं. काहीच फरक पडला नाही. क्विनाइनसाठी मी धुळ्याला पत्रं लिहिली, तारही केली. नंदुरबारच्या एका ओळखीच्या डॉक्टरकडून मोजून सहा गोळ्या मिळाल्या. त्यांनी ताप चार दिवस मागे सरला आणि परत आला. चाचांचं पिंजणं बंद पडलं. ते दिवसभर माळावर असायचे. मी विचारलं तर सांगेनात. शेवटी झुलेखाची आई म्हणाली, “धव्वा फूलना सरफोका धुंडी ऱ्हायनात.” जांभळ्या हजार झाडांत एखादंच पांढऱ्या फुलाचं निघतं आणि त्याचं मूळ दहापट गुणाचं असतं, असं चाचांनी ऐकलेलं. चाळीस वर्षांत त्यांना ते एकदाही दिसलं नव्हतं.

कार्तिकातल्या एका दुपारी ते दवाखान्याच्या दारात येऊन उभे राहिले.  माझा हात धरून त्यांनी मला जवळजवळ ओढतच नाल्यापलीकडे नेलं. मुरमाच्या एका खळग्यात ते झाड उभं होतं. बाकीच्यांसारखंच, गुडघ्याएवढं. फुलं मात्र दुधासारखी पांढरी. खालच्या काड्यांना कोवळ्या शेंगा धरलेल्या, वर अजून कळ्या. चाचांनी पान ओढून मला दाखवलं. तिरपं तुटलं होतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते लहान पोरासारखे हसत होते.

“चला,” मी म्हणालो, “खणा.”

त्यांचं हसू गेलं. “फुलमा शे, साहेब.”

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं आणि मी ओरडलो. अहो, मुलगी तुमची आहे, काय बोलताय? ते झाडाकडे बघत उभे राहिले. “एकच शे. उपाडं तं बी मरी जाई. पुढला वरीसले कोणी पोर पडनी तं तिना बाप कोठे जाई? वीस दिन. वीस दिनमा शेंग तडकी जाई.” मग खिशातून कापसाचा पुंजका काढून त्यांनी झाडाच्या बुंध्याला बांधला. गाठ तीनदा सुटली.

ते वीस दिवस मी विसरू शकत नाही. चाचा सकाळी मुलीजवळ बसायचे आणि दुपारी झाडाजवळ. शेळ्या येऊ नयेत म्हणून काट्यांचं कुंपण घातलं, लांबून घड्याने पाणी आणून ओतलं. मी त्यांना सांगितलं की पाणी घातलं तर शेंग वाळायला उलट उशीर होईल. ते बावरले, दोन दिवस पाणी बंद केलं, मग झाड सुकेल या भीतीने पुन्हा घातलं. माणूस दोन्हीकडून फाटत चालला होता.

झुलेखाला सगळं माहीत होतं. बापावर तिचा राग नव्हता, उलट ती त्याची थट्टा करायची. “अब्बाले दोन पोरी शेत आते. एक आठे, एक नालावर. नालावालीच लाडकी शे.” चाचा हसायचा प्रयत्न करायचे. पण एकदा ते बाहेर गेलेले असताना, मी नाडी बघत होतो तेव्हा तिने माझी बाही धरली.

“भाऊ, तुमी खणी लया ना. अब्बाले नका सांगा. माले जगनं शे.”

मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजाची वेळ साधून पिशवीत खुरपं घालून नाल्यापलीकडे गेलो. झाड तसंच उभं होतं, फुलं कमी झालेली, शेंगा भरत आलेल्या, बुंध्याला तो कापूस. मी खाली बसलो. खुरपं बाहेर काढलं. आणि माझ्यातला अर्धा डॉक्टर जागा झाला. म्हटलं, या मुळात आहे काय? साध्या मुळाने काही झालं नाही, पांढऱ्याने काय होणार? पोरगी क्विनाइनशिवाय वाचत नाही हे तुला ठाऊक आहे. मग उगाच म्हाताऱ्याचं आयुष्यभराचं व्रत कशाला मोडतोस? मी खुरपं पिशवीत घातलं आणि परत आलो. चाचांच्या घरी दोन दिवस फिरकलो नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

सतराव्या दिवशी सकाळी ती गेली. अंगणात लोक जमले होते. चाचा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले होते, डोळे कोरडे. मयत उचलली तेव्हा दोघांनी त्यांना धरून उभं केलं.

मातीला जाऊन आल्यानंतर चौथ्या दिवशी शेंगा तडकल्या. हे मला ठाऊक आहे, कारण मी बघायला गेलो होतो. दोन्ही फाकी पिळवटून उघडल्या होत्या आणि बी मुरमावर विखुरलं होतं. ते मूळ कोणी खणलं नाही.

महिना-दीड महिन्याने चाचा दवाखान्यात आले. दुपार होती, रोगी नव्हते. पावरा पोराला निजवलं होतं त्याच बाकावर बसले. दाढीला मेंदी लावलेली नव्हती, तिचं मूळ पांढरं दिसत होतं.

“साहेब, तुमी शिकेल मानूस शेत. एक खरं सांगा. ते मूय दिधं व्हतं तं मन्ही पोर वाचती का?”

मी किती दिवस या प्रश्नाची वाट बघत होतो, आणि उत्तर घोकून ठेवलं होतं. त्यांच्या छातीवरची धोंड उचलायची, एवढंच माझ्या मनात होतं. मी त्यांच्याजवळ बसलो, हात हातात घेतला आणि म्हणालो, “नाही चाचा. शंभर वेळा सांगतो, नाही. त्या मुळात काही नसतं. माणसं बरी व्हायची ती क्विनाइनने व्हायची. तुम्ही थांबलात म्हणून ती गेली नाही. तुमचा काही दोष नाही.”

 मला वाटलं आता ते रडतील, मोकळे होतील. ते हळूच म्हणाले, “मूयमा काही नही?”

“नाही.”

“मंग हाई चाळीस वरीस मी काय वाटी ऱ्हायनू व्हतू?”

मी काय बोललो ते मला तेव्हा समजलं. मूळ खरं असेल, तर थांबून त्यांनी पोरीला मारलं. मूळ खोटं असेल, तर त्यांच्या ओट्यावर उठून उभे राहिलेले सगळे, तो पेरलेला माळ, आईचं ते न बोलणं, सगळ्याचीच माती. जगायला तिसरी जागा मी ठेवली नव्हती. मी घाईघाईने म्हणालो, तसं नव्हे, थोडाफार गुण असेलही, पुस्तकांत लिहिलंय. पण ते उठले होते. जाताना नेहमीसारखा सलाम केला. बाकावर त्यांच्या कपड्यांचा कापूस राहिला होता.

त्यानंतर त्यांच्या ओट्यावर रोगी दिसले नाहीत. कोणी गेलंच तर आतून झुलेखाची आई यायची आणि नाही म्हणून सांगायची. धनुकलीचा आवाज गल्लीत अधूनमधून यायचा. मी त्या गल्लीने जाणं टाळू लागलो. माघ आला नि गेला, माळावर कोणी खणायला आलं नाही.

पुढच्या आश्विनात माझी बदली झाली. मी बिछाना बांधून नंदुरबारच्या मोटारीत बसलो. तेव्हा पेट्रोल मिळत नसे, मोटारी कोळशावर चालायच्या आणि दर दोन मैलांवर थांबायच्या. आमची माळाशीच थांबली. ड्रायव्हर मागे जाऊन शेगडी ढोसू लागला आणि उतारू पाय मोकळे करायला खाली उतरले.

माळ फुलला होता. नजर जाईल तिथवर जांभळा. मी बघत उभा राहिलो, आणि मला लांब एक उंच, वाळका माणूस वाकलेला दिसला. तो एक झुडूप दोन्ही हातांनी धरायचा, मागे रेलून ओढायचा, उपटलं की बाजूला टाकायचा आणि पुढच्याला हात घालायचा. खांद्याला पिशवी नव्हती, हातात खुरपं नव्हतं. त्याच्यामागे माळ परत मुरमाचा झाला होता, आणि उपटलेली झाडं फुलांसकट उन्हात पडली होती.

मी धावत गेलो. “उस्मानचाचा!”

त्यांनी मान वर केली. मला ओळखलं. तळहात सोलून निघाले होते. ते नाल्याजवळच्या खळग्यापर्यंत पोचले होते, आणि तिथे, गेल्या वर्षी बी सांडलं होतं तिथे, पांढऱ्या उन्हाळीची सात-आठ झाडं फुलली होती.

मी म्हणालो, “चाचा, अहो, ही फुलात आहेत.”

“हां,” ते म्हणाले. “फुलमा शेत.”

सगळ्यात थोरल्या झाडाच्या बुंध्याला पावसाने मळकटलेला कापूस अजून होता. त्यांनी ते झाड धरलं. पान ओढून बघितलं नाही. दोनदा ओढलं, निघेना, मूळ खोल गेलेलं. तिसऱ्यांदा सगळं अंग मागे टाकलं तेव्हा ते निघालं. लांबलचक, मातीने भरलेलं ते मूळ त्यांनी झाडापासून मोडलं आणि माझ्या हातात दिलं.

“ली जा, साहेब. त्यामा काही नही. तुमीच सांगं व्हतं.”

मागे मोटारीने भोंगा वाजवला. ते पुन्हा वाकले होते, पुढच्या पांढऱ्या झाडाला त्यांनी हात घातला होता. ड्रायव्हर माझ्या नावाने ओरडायला लागला तसा मी मूळ घेऊन परत आलो आणि जागेवर बसलो. मोटार निघाली. वळण येईपर्यंत मला ते दिसत होते. एकदाही त्यांनी वर बघितलं नाही.